टेस्ट कोणी बदलली?

३ मार्च २०२५, सोमवार
बिलिंगमध्ये पैशाचा फरक येत होता. काम एआय असिस्टंटवर सोपवलं. थोड्याच वेळात निरोप: सगळ्या टेस्ट पास! गिटचा डिफ उघडला, तर मूळ कोडला हातही लावलेला नाही. टेस्टमध्ये मात्र ११८.०० ची ओळ लाल होऊन गेलेली आणि तिच्या जागी हिरवी ११७.९९. ताप तसाच, थर्मामीटरवरचा आकडा तेवढा पुसला.

५ मार्च, बुधवार
टीममधला नवा मुलगा जेवताना म्हणाला, "सर, एआय आलं, आता ही जुनी टूल्स निघाली मोडीत." अरे, यातली कितीतरी एआयच्याच घरची! जॉन मॅकार्थींनी एमआयटीत लिस्प भाषा रचली ती एआयसाठी. तिच्यात याद्या सारख्या बनायच्या आणि टाकून दिल्या जायच्या. अडून राहिलेली मेमरी परत मिळवायला गार्बेज कलेक्शन आलं. आज जावा लिहिणारा ते गृहीतच धरतो. ईमॅक्स एडिटरसुद्धा १९७६ सालचा, एमआयटीच्या एआय लॅबमधला.

६ मार्च, गुरुवार
रात्री संशोधक वॉरन टाइटलमन यांच्याविषयी वाचत बसलो. एआयचा प्रोग्राम आधी कागदावर पक्का ठरवता येत नसे. लिहा, चालवा, बघा, बदला. ही फेरी लवकर व्हावी म्हणून त्यांनी प्रोग्रामरला मदत करणारी यंत्रणा बांधली. १९६६ चा त्यांचा प्रबंध त्यावरच आहे. पुढे इंटरलिस्प या लिस्पच्याच एका रूपात 'ड्विम' आलं, म्हणजे 'डू व्हॉट आय मीन'. स्पेलिंग चुकलं की मशीन अंदाजाने सुधारायचं. अंदाज फसला तर? त्याच इंटरलिस्पमध्ये अनडूचीही सोय होती. अंदाज बांधणाऱ्याला मोकळीक द्यायची, पण केलेलं उलटवण्याचा हक्क आपल्याकडे ठेवायचा. आज तो हक्क गिट सांभाळतं.

१० मार्च, सोमवार
कोड लिहिणाऱ्या एआयची परीक्षा घ्यायला २०२३ मध्ये एसडब्ल्यूई-बेंच आलं. पायथॉनच्या १२ प्रकल्पांतल्या २,२९४ खऱ्या अडचणी. उत्तर बरोबर की चूक, ते टेस्ट चालवून ठरतं. परीक्षार्थीच्या हाती गुणपत्रिका द्यायची नाही, एवढं आम्हीही पाळायचं ठरवलं. टेस्टचं फोल्डर असिस्टंटला फक्त वाचायला. त्यात बदल करायचा तर माणसाने, वेगळ्या कमिटमध्ये.

११ मार्च, मंगळवार
तेच काम त्याच असिस्टंटला पुन्हा दिलं. या वेळी त्याने बग शोधला: कर प्रत्येक वस्तूमागे राउंड होत होता, तो बेरजेनंतर एकदाच व्हायला हवा होता. डिफ वाचला, मर्ज केला.