न विझणारा दिवा

पाच ओळी आणि पाच रकाने, असे पंचवीस दिवे आहेत. एक दिवा दाबला की तो बदलतो, आणि त्याच्या वरचा, खालचा, डावीकडचा, उजवीकडचा शेजारीही बदलतो. पेटलेला विझतो, विझलेला पेटतो. आपण करायचं एवढंच, की सगळे दिवे विझवायचे!

१९९५ साली टायगर इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 'लाइट्स आउट' नावाचं असं खेळणं बाजारात आणलं होतं. ते नसलं तरी काही अडत नाही. कागदावर पंचवीस घरं आखा आणि नाणी मांडा. छापा म्हणजे पेटलेला दिवा, काटा म्हणजे विझलेला.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे हा खेळ चांगलाच रंगला. एका दुपारी माझ्या भाच्याने फक्त कोपऱ्यातल्या नाण्याचा छापा वर ठेवला आणि धाकट्या बहिणीला म्हणाला, "एकच तर दिवा आहे. विझवून दाखव!" बिचारी चहाच्या वेळेपर्यंत खटपट करत होती. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "मामा, मी ढच आहे."

"तू ढ नाहीस गं. हे कोडंच सुटणारं नाही," मी म्हणालो.

"कशावरून?" भाचा लगेच म्हणाला. "आज नाही सुटलं, पण उद्या सुटलं तर?"

प्रश्न अगदी रास्त होता. हजार वेळा जमलं नाही, म्हणून पुढच्या वेळीही जमणार नाही असं थोडंच आहे? त्याला पुरावा हवा.

मग आम्ही पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीतल्या घरांवर फुल्या मारल्या. मधला रकाना तेवढा सोडला. फुलीची घरं झाली बारा. आता कुठलंही घर दाबा, फुलीवरची एकतर दोन नाणी उलटतात, नाहीतर एकही नाही. भाचीने पंचवीसच्या पंचवीस घरं तपासली, तेव्हा कुठे तिला पटलं! दोन नाणी उलटली की फुलीवरचे छापे दोनने वाढतात, दोनने घटतात किंवा तेवढेच राहतात. म्हणजे विषम असतील तर विषमच राहणार. कोपऱ्यातला छापा एक, म्हणजे विषम. सगळे विझले तर छापे शून्य, म्हणजे सम. विषमावरून समावर जायला वाटच नाही!

आता नाणी तशीच ठेवून फुल्या उभ्या मारा: पहिला, तिसरा, पाचवा रकाना, मधली ओळ सोडून. दोन्ही मोजण्या सम आल्या तर कोडं नक्की सुटतं. एक जरी विषम आली, तर कधीच नाही. एकूण ३,३५,५४,४३२ मांडण्यांपैकी बरोबर पाव हिस्सा, म्हणजे ८३,८८,६०८ मांडण्याच सुटतात.

'मला जमत नाही' आणि 'हे होऊच शकत नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आणखी प्रयत्न करायचा असतो, दुसरीत कारण शोधायचं असतं. कारण सापडलं की तेही उत्तरच!

आता फक्त मधोमधचा दिवा पेटवा. दोन्ही मोजण्या शून्य, म्हणजे तो विझतो. कसा, ते मात्र तुम्हीच शोधा.