कॅडल रोड सोडू नकोस

प्रिय मुंबई मॅरेथॉन,

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी शिवाजी पार्कजवळ कॅडल रोडच्या कडेला संत्र्याच्या फोडी आणि मिठाची वाटी घेऊन उभी असते. मी कधी धावले नाही. तरी आज तुझ्याकडे काहीतरी मागायचं आहे.

15 फेब्रुवारी 2004 ला तू पहिल्यांदा धावलीस आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत आलीस, ते बरं केलंस. फेब्रुवारी अर्ध्यावर आला की मुंबईची हवा अंगाला चिकटू लागते. तुझी ओळखीची वाट बोरीबंदराच्या स्टेशनासमोरून अंधारातच निघते. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी करत सागरी सेतूवर चढते, वांद्र्याला उतरते, मग माहीम, शिवाजी पार्क, प्रभादेवीवरून पुन्हा बोरीबंदर. सगळे मिळून 42.195 किलोमीटर.

सेतू 2009 साली खुला झाला. एरवी पायी माणसाला तिथे बंदी, म्हणून त्या एका सकाळचं अप्रूप मला कळतं. तुझे फोटोही तिथलेच छापून येतात. पण अंथरुणातून उठून आलेला माणूस सेतूवर उभा राहू शकत नाही. तो भेटतो माहीमला. कुणी चिक्की आणलेली असते, कुणी केळी, कुणी वळलेल्या पोटरीवर मारायला स्प्रे. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून लोक अनोळखी माणसाला हाक मारतात, आणि चालायला लागलेला तो पुन्हा धावू लागतो. हे मी दरवर्षी बघते. पुढे पेडर रोडचा चढ आहे. जाताना तो अंगावर येत नाही, पस्तीस किलोमीटर झाल्यावर येतो. तिथवर पोचायला आमची फोड उपयोगी पडत असावी.

इथिओपियाच्या हायले लेमीने 2023 मध्ये 2 तास 7 मिनिटं 32 सेकंदांत तुला पार केलं. तो डोळ्यांसमोरून गेला कधी ते कळलंही नाही. मला जास्त आठवते ती ललिता बाबर. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची मुलगी तुझ्या वाटेवर भारतीय महिलांत पहिली आली, आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिची बातमी वाचून आमच्या इमारतीतल्या दोन मुली पहाटे पार्कात पळायला लागल्या.

आता शहरात किनारी रस्ताही झालाय. रुंद, मोकळा, समुद्राला लागून. तो तुला खुणावणारच. थोडा घेतलास तरी हरकत नाही. पण वेळ वाचवायला किंवा वाहतुकीची अडचण म्हणून वस्तीतली वाट तोडू नकोस. समुद्र पाणी देत नाही, नावाने हाक मारत नाही.

पुढच्या जानेवारीतही आम्ही त्याच कडेला उभे असू. आमच्या दारावरून जा.

तुझी,
कॅडल रोडवरची एक बाई