परत कधी येणार?

रोहिणी नक्षत्राचे चार-पाच दिवस उरले होते. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या शिवेला टेकलेल्या एका गावात तात्यांनी बांधावरच्या लिंबाखाली घोंगडं अंथरलं आणि माझ्यापुढे तुरीचं एक वाळकं खोड आणून टाकलं. गेल्या हंगामातलं. पिशवीतला चाकू काढून मी ते उभं चिरलं. सालीखालून काळपट रेघ बुंध्यापासून वर गेली होती. मर रोग. ही बुरशी वर्षानुवर्षं जमिनीत तग धरते, मुळातून शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवते, आणि फुलाशेंगांवर आलेलं झाड उभ्या उभ्या वाळून जातं. त्या तुकड्यात यंदा तूर नको, ज्वारी घ्या. दुसरीकडे तूर घ्यायची तर मरीला दाद न देणारा वाण निवडा आणि बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, असं मी सांगितलं.

"ठावं हाय, मॅडम," तात्या म्हणाले. "दोन सालांमागं एक साहेब आलते. त्यांनी बी हेच सांगितलं. म्या केलं. निम्मं साधलं, निम्मं गेलं. का गेलं ते बघायला परत कुणी आलं न्हाई. तुमी परत कवा येनार?"

मला उत्तर देता आलं नाही. दुपारच्या गाडीने मला कलबुर्गी गाठायची होती.

३४ वर्षं मी कृषी खात्यात काढली. १९८८ साली कृषी सहायक म्हणून लागले तेव्हा 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत होती. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञाने ती मांडली आणि जागतिक बँकेने देशोदेशी नेली. शेतकऱ्यांचे आठ गट, आणि पंधरवड्यातून एकदा प्रत्येक गटाकडे ठरलेल्या वारी जायचं. मंगळवार म्हणजे मंगळवार. त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. काय सांगायचं ते वरून ठरून यायचं, कोरडवाहूवाल्याच्या ते थोडंच कामी यायचं, आणि मोजक्या संपर्क शेतकऱ्यांपलीकडे झिरपायचंही नाही. पण वार पक्का असल्यामुळे लोक अडचण राखून ठेवायचे. किडलेली बोंडं, पिवळी पानं रुमालात बांधून वाट बघत बसायचे. पुढे ती पद्धत गेली. अनुदानाचे अर्ज, नुकसानीचे पंचनामे, पीक कापणी प्रयोग, आधारची जोडणी ही कामं वाढत गेली. यातलं एकही काम बिनगरजेचं नव्हतं. पण ती सगळी एकाच माणसावर येऊन पडली आणि शिवारफेरी तेवढी गळाली. माझीही गळाली. ज्यांना मी सल्ला दिला आणि ज्यांच्या शेतात पुन्हा पाऊल टाकलं नाही, असे कितीतरी चेहरे मला अजून आठवतात.

निवृत्तीनंतर एका लहान अभ्यासगटाने चार राज्यांतला सरकारी कृषी विस्तार पाहून टिपण लिहायचं काम माझ्याकडे दिलं. अक्कलकोटची असल्याने कन्नड घरातलीच, आणि सोलापुरात पद्मशाली शेजाऱ्यांच्या अंगणात वाढल्यामुळे तेलुगूही बरी समजते. अभ्यासगटाने दिलेली प्रश्नावली लांबलचक होती. दुधनी स्टेशन मागे पडलं तेव्हा मी वहीच्या पहिल्या पानावर तात्यांचा प्रश्न लिहिला आणि तो सगळीकडे विचारायचं ठरवलं.

कलबुर्गीची काळी जमीन म्हणजे तुरीचं माहेर. इथल्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. आपण जिला मर म्हणतो तिला इथे 'नेटे रोग' म्हणतात. कर्नाटकात दर होबळीला, म्हणजे आपल्या महसूल मंडळाएवढ्या भागाला, एक रैत संपर्क केंद्र असतं. मी एका केंद्रात गेले तेव्हा सवलतीच्या बियाण्याची रांग दारातून थेट रस्त्यावर आली होती. दोन तास मी रांगेतल्यांशी बोलत बसले. पिकाबद्दल विचारावं असं प्रत्येकाच्या मनात काहीतरी होतं. खिडकीशी पोचल्यावर मात्र प्रत्येकजण पिशवी घेऊन निघून गेला. मागे माणसं खोळंबली असताना कुणी रोगाचं काय बोलणार?

संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर तिथल्या तरुण अधिकाऱ्याने मला दुचाकीवर बसवलं आणि एका अज्जांच्या शेतावर नेलं. तूर ४५-५० दिवसांची झाली की तिचे शेंडे खुडायचे, म्हणजे बगलफांद्या फुटतात आणि शेंगा वाढतात, हे तंत्र या भागात चांगलं रुजलंय. बॅटरीवर चालणारं खुडणी यंत्रही निघालंय. वाढतं झाड वरून तोडायचं ही गोष्ट कुठल्याही शेतकऱ्याच्या जिवावर येणारी. ती इथे पचली कशी, असं मी अज्जांना विचारलं.

"पहिल्या वर्षी भीत भीत दोनच ओळी खुडल्या," अज्जा म्हणाले. "पण शेंगा धरल्यावर कृषी विज्ञान केंद्राची माणसं परत आली. खुडलेली पाच झाडं, न खुडलेली पाच. माझ्याच नातीला शेंगा मोजायला लावल्या. मग दुसऱ्या वर्षी सगळं रान खुडलं."

शेंगा मोजायला आली. वहीत मी तेवढंच लिहिलं.

हुमनाबादमार्गे बसने जहीराबादला उतरले तेव्हा मृगाचा पहिला शिडकावा होऊन गेला होता. तेलंगणात साधारण ५,००० एकरांमागे एक कृषी विस्तार अधिकारी आणि त्या समूहासाठी एक 'रैतु वेदिका' अशी रचना आहे. शेतकऱ्यांनी बसावं म्हणून बांधलेली ही सभागृहं राज्यभरात २,६०० च्या घरात आहेत. आपल्याकडे शेतकरी मेळावा म्हणजे मंगल कार्यालय नाहीतर शाळेचा व्हरांडा. इथे त्याच्या नावाची पक्की इमारत पाहून मला खरोखर बरं वाटलं. मंगळवार होता. पडद्यावर 'रैतु नेस्तम' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम चालू होता, हैदराबादचे शास्त्रज्ञ कपाशीच्या लागवडीवर बोलत होते. माहिती चोख होती. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांच्या धोतराच्या सोग्यात आल्याचा एक गड्डा होता, एका बाजूने मऊ पडलेला. पडद्याला तो दिसणार नव्हता. कार्यक्रम संपला, माणसं उठली, आणि तिथली विस्तार अधिकारी, पंचविशीची मुलगी, आपणहून त्यांच्याकडे गेली. गड्डा हातात घेऊन वास घेतला, दाबून पाहिला, "पाणी साचतंय का तुमच्या वाफ्यात?" असं विचारलं आणि त्यांच्यामागोमाग शेताकडे चालू लागली. मी तिच्याबरोबर गेले. वाफ्याच्या तोंडाशी खरंच पाणी तुंबलं होतं. चर कुठून काढायचा ते तिने काठीने आखून दिलं. जाताना म्हणाली, "पुढच्या मंगळवारी वेदिकेत याल ना? आधी इकडून जाईन मी."

हैदराबादला राजेंद्रनगरच्या 'मॅनेज' या कृषी विस्ताराच्या राष्ट्रीय संस्थेत दोन दिवस काढले. तिथल्या वाचनालयात २००३ सालच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे आकडे पुन्हा काढून वाचले. नव्या तंत्राची माहिती कुठून मिळते, असं देशभरच्या शेतकरी कुटुंबांना विचारलं होतं. शंभरातली साठ म्हणाली, कुठूनच नाही. पुढारलेल्या शेतकऱ्याचं नाव घेणारी १७ च्या आसपास, खत-औषधांच्या दुकानदाराचं नाव घेणारी १३, आणि सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचं नाव घेणारी सहासुद्धा नव्हती; ५.७. मी तेव्हा ऐन नोकरीत होते. तो आकडा माझाही आहे.

दुकानदाराचा विषय निघाला की खात्यातले लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. कृषी सेवा केंद्रवाला आपला माल खपवायलाच बसलेला असतो हे खरं, पण सकाळी आठला त्याचं शटर उघडं असतं आणि बाटली चालली नाही तर शेतकरी त्याच्यासमोर येऊन उभा राहू शकतो. 'मॅनेज'ने २००३ मध्ये अशा दुकानदारांसाठीच वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम सुरू केलाय, 'देसी' नावाने तो ओळखला जातो. ज्याच्याकडे माणसं जाणारच आहेत त्याला शिकवावं, यात शहाणपण आहे. त्याच सुमारास, जानेवारी २००४ मध्ये, किसान कॉल सेंटर सुरू झालं. फोनवरून उत्तर मिळतं, आपल्या भाषेत मिळतं. त्या उत्तराने काय झालं, हे विचारायला उलटा फोन मात्र येत नाही.

काचीगुड्याहून रात्रीची गाडी धरून अनंतपूरला उतरले. देशातल्या अगदी कोरड्या जिल्ह्यांतला हा एक. लाल, भुरभुरीत, खडकाळ जमीन, पिढ्यान्‌पिढ्या भुईमूग. गावोगावच्या रैतु भरोसा केंद्राची पाटी बदलून आता रैतु सेवा केंद्र झालीय. आंध्रात मे २०२० मध्ये एकदम १०,००० हून अधिक केंद्रं उघडली. गावातच कृषी पदवीधर किंवा पदविकाधारक सहायक, गावातच बियाणं-खताची मागणी नोंदवायची सोय. तालुक्याला हेलपाटा नाही. पण त्या सहायकाच्या हातातल्या फोनवर पिकांच्या नोंदींचं काम पाहिलं आणि मला माझं टेबल आठवलं.

इथली दोन तेलुगू नावं मनात घर करून राहिली. शेतीशाळेला म्हणतात 'पोलंबडि'. पोलम् म्हणजे शेत, बडि म्हणजे शाळा. आणि अधिकाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी शिवारात जायच्या कार्यक्रमाचं नाव आहे 'पोलम् पिलुस्तोंदि', म्हणजे शेत हाक मारतंय. पोलंबडीत फळा नसतो. पाच-सहा जणांचे गट वाफ्यात उतरतात, झाडावरच्या किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजतात, कागदावर रोपाचं चित्र काढून त्यांची संख्या लिहितात, आणि फवारायचं की थांबायचं ते आपसात भांडून ठरवतात. ही रीत १९८९ साली इंडोनेशियाच्या भातशेतीत जन्मली. आपल्याकडच्या शेतीशाळाही तिच्याच वाणाच्या.

पण अनंतपुरात मला खरं उत्तर दिलं ते एका अक्कांनी. त्या सरकारी नोकर नाहीत. आंध्राच्या नैसर्गिक शेती कार्यक्रमात रैतु साधिकार संस्था स्वतः ही शेती करणाऱ्या शेतकऱ्यांनाच प्रशिक्षक नेमते, त्यांतल्या या एक. अर्धा एकर भुईमूग, चार शेळ्या. पाऊस यायच्या आधी त्यांनी कोरड्या मातीत पंधरा-वीस जातींचं बी एकत्र फेकलं होतं: राळा, नाचणी, चवळी, कुळीथ, तीळ, अंबाडी, एरंड. बियांवर माती, शेण, राख यांचं कवच. पहाटेच्या दवावर आणि चुकार सरीवर त्यातलं काही ना काही उगवतंच, आणि मुख्य पेरणीपर्यंत जमीन उघडी पडत नाही. शेजारचं रान तापून पांढरं पडलेलं, आणि त्यांच्या रानात गुडघ्याएवढा हिरवा गुंता. मी खाली हात घातला. माती गार लागली.

"तुम्ही ज्यांना शिकवता त्यांच्याकडे परत केव्हा जाता?" मी विचारलं.

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी माझं तेलुगू सुधारून पुन्हा विचारलं.

"परत म्हणजे?" त्या म्हणाल्या. "बचत गटात त्या नि मी एकत्र बसतो. पाण्याला एकत्र जातो. त्यांचं पीक बुडलं तर वाटेत मला धरतील ना."

या शेतीच्या उत्पादनाबद्दल तज्ज्ञांचे वाद आहेत आणि ते व्हायला हवेत. मी पाहत होते ते वेगळंच. ज्या सल्ल्याची जबाबदारी देणाऱ्याला टाळता येत नाही असा सल्ला मी फार वर्षांनी पाहत होते.

बंगळूरला गाडी बदलली. पालक्काडच्या खिंडीतून गाडी शिरली तसा उघडा, तपकिरी मुलूख संपला आणि खिडकीत नुसतं पाणी आणि हिरवा रंग. त्रिशूरला उतरले तेव्हा आर्द्रा लागली होती. मल्याळी लोकही पाऊस नक्षत्रांनी मोजतात हे मला माहीत नव्हतं. सूर्याच्या एका नक्षत्राच्या मुक्कामाला ते 'ञाट्टुवेला' म्हणतात, आणि आपली आर्द्रा म्हणजे त्यांची तिरुवातिरा, लावणीला सर्वांत मानाची. पोर्तुगीज मिरीचे वेल न्यायला निघाले तेव्हा सामुतिरी राजा म्हणाला, वेल नेतील, पण आमची तिरुवातिरा ञाट्टुवेला कशी नेतील? अशी गोष्ट तिथे सांगतात.

इथे भाषेने मला पुरती सोडलं. वेल्लानिक्करच्या कृषी विद्यापीठातली एक विद्यार्थिनी दुभाषी म्हणून आली. केरळात १९८७ पासून ग्रामपंचायतीगणिक कृषिभवन आहे, आणि तिथे पदवीधर कृषी अधिकारी बसतो. आम्ही गेलो तेव्हा अंगणात ञाट्टुवेलेचा बाजार भरला होता. मिरीची मुळं फुटलेली छाटं, केळीचे मुनवे, भाजीची रोपं, कढीपत्ता. मागच्या खोलीत कर्षक सभा, शेतकऱ्यांची ग्रामसभाच म्हणा. अधिकारी उभ्या, शेतकरी बसलेले. लीजवर जमीन घेऊन भाजी करणाऱ्या कुटुंबश्री या महिला गटातल्या एक चेच्ची, म्हणजे ताई, उठून काहीतरी तावातावाने बोलल्या. माझी दुभाषी कुजबुजली, "गेल्या वर्षी दिलेली वांग्याची रोपं मर लागून गेली, त्यांचं काय केलंत, म्हणतायत." अधिकाऱ्यांनी वही उघडली, तारीख वाचली, चूक कबूल केली आणि या खेपेची रोपं कुठून आणलीत ते सांगितलं. नवल कुणालाच वाटलं नाही. पंचायतीच्या आराखड्यातल्या शेतीच्या पैशावर अशा सभांत बोलणं होतं, आणि चेच्चीचं घर कृषिभवनापासून पाच मिनिटांवर आहे.

दुपारी ओसरत्या पावसात कोळे शेतं पाहायला गेलो. समुद्रसपाटीखालची ही भातजमीन आत्ता क्षितिजापर्यंत पाण्याखाली होती. पावसाळा सरला की पाडशेखर समित्या, म्हणजे तिथल्या भातशेतकऱ्यांच्या सामाईक समित्या, पंप लावून पाणी उपसतील आणि मग पेरतील. शेतकरी म्हातारे झालेत, मुलं आखातात, मजूर बंगाल-आसामातले. अधिकारी बांधावर उभ्या राहून मला हे सांगत होत्या आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यांना थांबवून काहीतरी विचारत होता.

परतीला कोकण रेल्वेने पनवेल, तिथून सोलापूर. टिपण लिहायला घरी बसायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कलकोटची एसटी धरली.

तात्यांनी खालच्या तुकड्यात ज्वारीचं रान राखून ठेवलं होतं आणि वरच्या तुकड्यात तूर पेरली होती. दोन-तीन आठवड्यांची रोपं, बोटभर उंचीची. निम्म्या ओळींना बीजप्रक्रिया, निम्म्या तशाच. मधे खूण म्हणून एरंडाची काठी रोवलेली.

"आलात व्हय," ते म्हणाले. "आत्ता काय दिसायचं न्हाई यात."

"नाही दिसायचं," मी म्हणाले. "मर फुलोऱ्यात कळेल."

"म्हंजे दिवाळीनंतर."

मी वही काढली. दोन्हीकडच्या पाच-पाच ओळींतली रोपं मोजून लिहिली. तात्या पलीकडून माझ्याबरोबर मोजत होते, मोठ्याने, आणि आमचा आकडा एका ओळीत जुळेना म्हणून ती आम्ही पुन्हा मोजली.