ओटीपी कुणाच्या फोनवर?

"ताई, ओटीपी त्यांच्या फोनवर गेला की त्यांना कळेलच ना?"

ऑक्टोबर 2025. कांदिवलीत, चारकोपच्या आमच्या घरी, मी मावशींचं 'लाडकी बहीण'चं ई-केवायसी करून देत होते. त्यांचा आधार क्रमांक झाला, ओटीपीही आला. पुढचा रकाना पती किंवा वडिलांच्या आधारचा. वडील वारलेले. नवऱ्याचं घर सोडून सहा वर्षं झालेली. कोर्टात दोघांपैकी कुणीच गेलं नाही. आपल्याला महिना 1500 रुपये मिळतात, हे मावशींनी त्याच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं. कळलं तर तो मागायला येईल.

हा रकाना उगाच नाही. योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे. ती तपासायची तर नवऱ्याची किंवा वडिलांची माहिती लागणार. पण 2024च्या शासन निर्णयात पात्र स्त्रियांमध्ये परित्यक्ताही आहेत. निर्णयात त्यांच्यासाठी शब्द होता, अर्जात जागा नव्हती. नोव्हेंबरात विधवा आणि घटस्फोटितांना सवलत मिळाली: मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मावशींकडे दोन्ही नव्हते. आणि 'परित्यक्ता' म्हणाल तर, "मला कुणी टाकलं नाही हो, मीच निघाले."

मी नोकरीत असेच अर्ज बनवते. मोबाइल क्रमांकापुढे अनिवार्यची लाल चांदणी लावताना तो फोन घरात कुणाच्या हातात असतो, हे मी कधीच विचारलं नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. घराच्या खासगीपणाआड पुरुषसत्ता लपते, या स्त्रीवादी आक्षेपाचीही त्या निकालात दखल आहे. 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात मात्र मुख्यतः दोनच बाजू दिसतात: माहिती ज्याची ती व्यक्ती, आणि ती वापरणारी कंपनी किंवा सरकार. मावशींना सरकारला माहिती द्यायला हरकत नव्हती. त्यांना ती लपवायची होती तिसऱ्याच माणसापासून, आणि अर्ज नेमकं त्यालाच विचारत होता. कुटुंब म्हणजे एकच माणूस, असं धरून चालणारी यंत्रणा कितीही सुरक्षित असली तरी बाईचं गुपित राखू शकत नाही.

मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. मावशींनी नवऱ्याला फोन केला नाही.