भिंतीवरची चार भावंडं

अजस्र रोबोटांच्या कार्टूनचे स्टोरीबोर्ड काढणं हा माझा व्यवसाय. शिकायला आलेल्या मुलांना मी जपानी मालिका दाखवण्याआधी आळंदीतली चालवलेली भिंत दाखवायला नेतो. वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन चांगदेव येतात आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ज्या भिंतीवर बसले आहेत तीच त्यांना सामोरी जाते. अवाढव्य निर्जीव वस्तू, तिच्यावर स्वार झालेली पोरं, समोर सामर्थ्य मिरवणारा योगी. रोबोटपटाचा सगळा सांगाडा इथे तयार आहे. प्रभातच्या दामले-फत्तेलाल यांनी १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये ही भिंत पडद्यावर चालवली. पण कथेत ती कुणाला धडकत नाही, भेटीला जाते. आणि चौदाशे वर्षांचे म्हणून ख्याती असलेले चांगदेव पुढे चिमुरड्या मुक्ताईचे शिष्य होतात.

माझी कसोटी यातूनच आली. हाणामारीआधी दोघांत जे नातं होतं तेच नंतरही जसंच्या तसं राहिलं, तर तो प्रसंग कितीही देखणा असो, मी काढून टाकायला लावतो.

१९७९ च्या ‘गंडम’ या जपानी मालिकेचा पहिला भाग पाहा. योशियुकी तोमिनोंचा आमुरो हा पोरगा पहिल्यांदाच यंत्रात बसतो आणि शत्रूचा रोबोट कापतो. त्या स्फोटानं अंतराळवसाहतीला भगदाड पडतं आणि आमुरोचे वडील त्यातून बाहेर फेकले जातात. गंडम घडवण्यात त्याच वडिलांचा हात. मुलाचा पहिला विजय आणि बापाची ताटातूट एकाच घावात! इथे मारामारी कुठे संपते आणि नातं कुठे सुरू होतं, हे वेगळं काढताच येत नाही.

पैशाचं गणितही ध्यानात घ्यावं लागतं. रोबोट जुळण्याचं दृश्य खर्चिक, म्हणून एकदा काढून दर भागात तेच वापरतात. कॉकपिटमधला चेहरा स्वस्त. ओठ आणि डोळे हलले की भागतं. कच्चा दिग्दर्शक तिथे नुसत्या आरोळ्या भरतो. हिदेआकी आन्नोंनी १९९५ च्या ‘इव्हँजेलियन’मध्ये दोन पायलट मुलींना लिफ्टमध्ये जवळजवळ मिनिटभर निश्चल उभं ठेवलं. कुणी बोलत नाही, आणि त्यांच्यातला दुरावा अंगावर येतो. ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले आणि मुक्ताई बाहेरून विनवत राहिली, त्या प्रसंगातही काही हलत नाही. तरी तो भिंतीइतकाच लोकांच्या मनात आहे.

हालचाल मात्र खरी हवी. त्यासाठी मी मुलांना चाकण चौकात उभं करतो. लोखंडानं भरलेला ट्रेलर सुटताना आधी नुसता गुरगुरतो, मग केबिन हिसका घेते, मागचा सांगाडा अंमळ उशिरा हलतो. कारखान्यातला वेल्डिंगचा रोबोट झटकन वळून जागच्या जागी थांबतो. साठ फुटी योद्धा तसा वळला तर खेळणं वाटतो. त्याला रेंगाळू द्यायचं. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. हात उचलण्याआधीच्या बारा-पंधरा फ्रेम मी पायलटच्या चेहऱ्यासाठी राखतो. भावाला वाचवायचं की शत्रूला गाठायचं, हे त्याला तेवढ्यातच ठरवायचं असतं, आणि त्यानं काय ठरवलं ते प्रेक्षकाला त्याच्या डोळ्यांत दिसलं की मगच मी रोबोटची मूठ वळवतो.