नपुंसकलिंगाला उर्दूत काय म्हणायचं?

अकोल्याच्या एका उर्दू शाळेतल्या आपांना मराठी व्याकरणाचं छोटं पुस्तक उर्दूत हवं होतं. त्यांची मुलं मराठी बोलतात, पण वहीत "मीने भाकर खाल्ली" लिहितात. घरी "मैंने रोटी खाई" म्हणतो, मग मराठीत "त्याने" चालतं आणि "मीने" का नाही? हे मुलांना त्यांच्या भाषेत सांगितलं तर लवकर पटतं, आणि दहावीला मराठीचा पेपर आहेच. आपांनी विचारलं, "सर, अमरावती में कोई तर्जुमा करनेवाला मिलेंगा क्या?"

दोन्ही भाषा येणारे अमरावतीत पुष्कळ. मुशायऱ्यात बसणारे आहेत, जुने दस्तऐवज वाचून देणारे आहेत. एका बुजुर्गांनी पहिली पानं करून दिली. उर्दू इतकी गोड की वाचतच राहावं! पण नपुंसकलिंगाला त्यांनी लिहिलं होतं "बेजान". मग लेकरू, वासरू, पाखरू ही काय बेजान? आणि बेजान खुर्ची "ती" कशी, फळा "तो" कसा? उर्दूत लिंगं दोनच, मुजक्कर आणि मुअन्नस. तिसऱ्याला नाव द्यायचं तर लिंग शब्दाचं असतं, वस्तूचं नाही, हे आधी ठाऊक हवं. "तीसरी जिन्स" म्हणावं, तर वर्ग तासभर हसेल. शेवटी "नपुंसकलिंग" हाच शब्द उर्दू लिपीत ठेवला, खाली ते लेकरू, ते पाखरू.

जपानी-फ्रेंच अशी लांबची जोडी असती तर समजलो असतो. इथे दोन्ही भाषा एकाच मोहल्ल्यात. तरी नुसती भाषा येऊन भागत नाही. झ्यूल ब्लॉक यांचं मराठीच्या घडणीवरचं फ्रेंच पुस्तक पॅरिसला 1920 मध्ये छापलं गेलं. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ते मराठीत आणलं 1941 साली. फ्रेंच, मराठी, संस्कृत-प्राकृत आणि वर भाषाशास्त्र, एवढं एका माणसात जमावं लागतं. इंग्रजीला तर ते 1970 मध्ये मिळालं, म्हणजे आपण एकोणतीस वर्षं पुढे!

आता पुढचं प्रकरण प्रयोगांचं आहे. कर्मणीला सरळ "मजहूल" लिहायचा मोह होईल. पण मजहूल म्हणजे ज्यात करणारा अज्ञात, आणि "मी भाकर खाल्ली" यात खाणारा समोर बसलेला. बुजुर्गांची उर्दू हवीच, पण शेजारी व्याकरण शिकलेला एक माणूसही हवा. अमरावती-अकोल्यात असा कुणी असेल तर कळवा. पानाला जो दर ठरेल तो देऊ, आपांनी वर्गणी सुरू केली आहे.