पोच

अमेरिकेत एम.एस. करताना सी भाषेत स्वतःचा 'पिंग' लिहायचा गृहपाठ होता. मूळ पिंग माइक मूस यांनी १९८३ साली लिहिला. रॉ सॉकेट उघडायचं, आठ बाइटचं आयसीएमपी हेडर हाताने भरायचं, पॅकेट सोडायचं; समोरचं यंत्र त्याची पोच देतं.

माझी पॅकेट्स जात होती, पोच येत नव्हती. दोन रात्री गेल्या. चेकसम काढण्याआधी त्याची जागा शून्य करायची, तेच मी विसरलो होतो. चेकसम चुकला की समोरचं यंत्र पॅकेट मुकाट्याने टाकून देतं. चूक सांगत नाही.

तिसऱ्या रात्री पुण्यातल्या एका सर्व्हरची पोच आली, पाव सेकंदाच्या आसपास. आणि पुण्यात आईला मी तीन आठवडे फोन केला नव्हता. फोनवर ती दर वेळी विचारायची, "जेवलास का?" मी वैतागायचो, यात नवीन काय? पण पिंगमध्ये तरी काय बातमी असते? पलीकडे कुणी आहे, एवढंच कळतं.

कॉलिंग कार्ड काढलं. तिकडे सकाळ होती.

"आई, चहा झाला का?" मीच आधी विचारलं.

क्षणभर शांतता. मग, "झाला रे. तू जेवलास का?"